खड्डा नव्हता

"मंग खड्डा केवढा पडलाता?"

आबा जपानहून परतले तेव्हा पारावर त्यांना पहिल्यांदा हेच विचारलं गेलं. पुढे गावात कुणाचा नवा जावई आला, तलाठी बदलून आला, तरी त्यानेही सुरुवात इथूनच केली. आमचं गाव माणदेशातलं. तिथे विहीर काढायची म्हणजे काळा पाषाण फोडायचा. सुरुंगाला किती दारू भरली की किती दगड उडतो, हा हिशेब पोरासोरांनाही येई. एका बॉम्बने अख्खं शहर गेलं म्हणजे खड्डा किती परस खोल असेल, हा अंदाज विचारणाऱ्याने घरूनच बांधून आणलेला असे. आबांनी फक्त हो म्हणायचं बाकी असायचं.

आबा तंबाखूची चिमूट दाढेला धरत आणि म्हणत, "खड्डा न्हवता."

लोक हिरमुसत. कुणी म्हणे, सायबाने बुजवून घेतला असेल. एका चुलत आजोबांचं तर मरेपर्यंत मत होतं, की आबांनी हिरोशिमा लांबून, आगगाडीतूनच पाहिलं. ज्याला खड्डा दिसला नाही त्याला काय दिसलं, असा त्यांचा बिनतोड सवाल होता.

माझे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होते. बेळगावला भरती झाले, समुद्र ओलांडून इटलीत उतरले. सेनियो नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी ज्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला ते नामदेव जाधव याच पलटणीतले. इटलीतलं युद्ध संपलं, पलटण मायदेशी आली, आणि घरच्यांनी सुस्कारा सोडला न सोडला तोच १९४६ च्या सुरुवातीला पुन्हा जहाजात बसायचा हुकूम आला. लढाईसाठी नव्हे, पहाऱ्यासाठी. हरलेल्या जपानवर अमेरिकेचा ताबा होता, पण होन्शू बेटाचा पश्चिम भाग आणि शिकोकू बेट राष्ट्रकुलाच्या फौजेकडे सोपवलेलं होतं. त्यात ऑस्ट्रेलियन होते, न्यूझीलंडचे होते, गोरे ब्रिटिश होते आणि एक हिंदी ब्रिगेड होती: पंजाबी, गुरखे आणि आमचे मराठे. या ब्रिगेडचं नेतृत्व पुढे ज्यांच्याकडे आलं ते ब्रिगेडियर थिमय्या, जे नंतर स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख झाले. फौजेचं ठाणं कुरे बंदरात होतं. कुरेपासून हिरोशिमा जवळच.

कुरेच्या बंदरात शिरताना जहाजाच्या कठड्याला टेकून सगळी पलटण गप्प उभी होती, असं आबा सांगत. जपानी आरमाराच्या मोठमोठ्या युद्धनौका उथळ पाण्यात बुडून बसलेल्या, नुसते मनोरे आणि तोफा वर. "पान्यात बसल्याल्या म्हशी," असं ते म्हणत. कुरे गावही आगीच्या बॉम्बनी भाजलेलं होतं, पण ते पाहून कुणी दचकलं नाही. पडकी गावं पाहण्यात ही पलटण तयार झालेली होती. इटलीत कॅसिनो गावाचा दगडविटांचा ढीग त्यांनी पाहिला होता. मोडलेल्या गावात कसं चालायचं, कुठल्या भिंतीआड बसायचं, कुठली भिंत अंगावर येईल, हे त्यांना पायांनी कळत होतं.

हिरोशिमात मात्र आबांना ढीगच सापडले नाहीत. त्यांच्या सांगण्यात दरवेळी हेच आधी येई. कॅसिनोत घर पडलं तर घराइतका ढिगारा उरे. इथे मैलोन्‌मैल सपाट. मधूनच सिमेंटची एखादी इमारत, वाकलेले तारेचे खांब, ठोकळ्यासारखी एखादी तिजोरी आणि पूल. ट्राम मात्र चालू होती. त्या मोकळ्या रानातून घंटा वाजवत ट्राम जायची आणि तिला माणसं लोंबकळत असायची, हे आबांना फार विचित्र वाटलं होतं. (ट्रामच्या एका तुकड्यावर वाहतूक बॉम्ब पडल्यानंतर तिसऱ्याच दिवशी सुरू झाली होती. हे मी त्यांना पुढे कधीतरी वाचून दाखवलं, तर म्हणाले, "आसंल. मान्सं कामाला जायाची थांबत न्हाईत.")

खड्ड्याचं न विचारणारा माणूस गावात एकच होता, आमचे गुरुजी. त्यांचा प्रश्न वेगळा: "जमिनीला लागलाच नाही म्हणता, मग फुटला कसा?" याचं उत्तर आबांना फौजी म्हणून अर्धं ठाऊक होतं. हवेत फुटणारा तोफगोळा त्यांनी इटलीत सोसला होता. जर्मन तोफेचा गोळा जमिनीत घुसून फुटला तर निम्मा जोर माती खाते आणि खंदकातला माणूस वाचतो. तोच डोक्यावर हवेत फुटला तर खंदकही कामाचा नाही. "मातीला कायबी खाऊ द्याचं न्हाई, आसं ठरवूनच फोडलाता त्यो," असं ते गुरुजींना सांगत. उरलेलं अर्धं उत्तर मला पुढे पुस्तकांत मिळालं. आबांनी अंदाजाने धरलेली दिशा अगदी बरोबर होती.

बॉम्ब किती उंचीवर फोडायचा हे अमेरिकेत कागदावर आधी ठरलं होतं, आणि त्या गणितात जॉन फॉन नॉयमन यांच्यासारख्या गणितीचा हात होता. स्फोटाची लाट खाली येते, जमिनीवर आपटून उलटते, आणि उलटलेली लाट मागून पहिलीला गाठते. दोन्ही मिळून एक उभी भिंत होते आणि ती आडवी धावत सुटते. बॉम्ब फार वर फोडला तर जोर विरतो, फार खाली फोडला तर जमीन गिळते. लाकडी घरांचा जास्तीत जास्त विस्तार आडवा व्हावा अशी एक नेमकी उंची मधे असते. हिरोशिमावर ती सुमारे ५८० ते ६०० मीटर होती. आमच्या गावचा प्रश्न म्हणजे त्या गणिताची नेमकी उलट बाजू. खड्डा पडला असता तर बॉम्ब वाया गेला, असं त्या कागदाच्या हिशेबाने ठरलं असतं.

बॉम्ब तीन मीटर लांब, वजन ४,४०० किलोच्या आसपास. आत चक्क एक तोफेची नळी. नळीच्या एका टोकाला युरेनियमचा एक भाग घट्ट बसवलेला, दुसऱ्या टोकाला युरेनियमच्या कड्यांचा दुसरा भाग, आणि त्याच्या मागे कॉर्डाइटच्या चार पिशव्या. कॉर्डाइट म्हणजे आबांच्या थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या काडतुसात भरलेली असे तीच दारू. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या एका शब्दावर थबकलो होतो. जगातल्या सगळ्यात नव्या हत्याराला काडी लागली ती प्रत्येक शिपायाच्या पट्ट्यातल्या जुन्या दारूने. दोन्ही भाग मिळून युरेनियम सुमारे ६४ किलो. वेगवेगळे असेपर्यंत निरुपद्रवी. एकमेकांवर आदळले की अणू फुटण्याची साखळी सुरू होते आणि डोळ्याची पापणी हलायच्या कितीतरी आधी संपते. त्या ६४ किलोंतलं एक किलोही पुरतं फुटलं नाही. शहराला तेवढं पुरलं.

विमान तिनियन बेटावरून पहाटे पावणेतीनला निघालं. आधीच्या दिवसांत तिथे उड्डाण करताना अशी विमानं कोसळून पेटलेली नौदलाचे कॅप्टन विल्यम पार्सन्स यांनी पाहिली होती. भरलेला बॉम्ब घेऊन आपलं विमान कोसळलं तर बेटच जाईल, या धास्तीने त्यांनी कॉर्डाइटच्या पिशव्या विमान हवेत गेल्यावर, अंधाऱ्या पोटात वाकून, हाताने भरल्या. मग त्यांच्या मदतनिसाने हिरव्या खुंट्या काढून लाल बसवल्या. ८ वाजून १५ मिनिटांनी, सुमारे साडेनऊ हजार मीटरवरून बॉम्ब सुटला. आधी आतलं घड्याळ चालू झालं, विमान लांब जाईपर्यंत स्फोट अडवून धरायला. मग हवेचा दाब मोजणारी कळ, बॉम्ब दोन हजार मीटरच्या आसपास आल्यावर पुढची वाट मोकळी करायला. शेवटी चार छोटी रडार यंत्रं, जमिनीकडे लहरी सोडून उंची मोजणारी. चारांतल्या दोघांचं एकमत झालं की कॉर्डाइट पेटणार. सुमारे ४४ सेकंद बॉम्ब खाली येत होता. इंग्रजी टी अक्षरासारखा दिसणारा आइओई पूल हे लक्ष्य होतं. ते थोडकं चुकलं आणि बॉम्ब शिमा नावाच्या रुग्णालयावर फुटला. रुग्णालयाचे डॉक्टर शिमा त्या दिवशी शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्या गावी गेले होते. आत असलेल्यांतलं कुणी वाचलं नाही.

तिथून जवळच चेक वास्तुकार यान लेत्झेल यांनी बांधलेली, १९१५ साली उघडलेली घुमटाची इमारत होती. तिची काही भिंताडं उभी राहिली, कारण जोर जवळजवळ सरळ डोक्यावरून आला, बाजूने नाही. आबांनी घुमटाचा सांगाडा पाहिला होता. त्यांना तो पाण्याच्या टाकीचा वाटला होता.

एका क्षणात जमिनीवर तीन ते चार हजार अंश सेल्सिअसची धग. कौलांना फोड आले, ग्रॅनाइटचा पृष्ठभाग खरबरीत झाला. ज्या दगडावर माणूस बसला होता तेवढीच जागा गडद राहिली आणि भोवतालचा दगड पांढुरका पडला. काळा धागा उष्णता जास्त ओढतो, म्हणून किमोनोवरच्या गडद नक्षीचे डाग काही बायकांच्या पाठीवर तसेच्या तसे भाजले गेले. आबांनी पाहिलेल्या सावल्या पुलावरच्या होत्या. कठड्याच्या दांड्यांच्या सावल्या रस्त्यावर पडलेल्या, आणि सूर्य भलतीकडेच. "उन्हाची सावली सरकती," एवढंच ते म्हणत आणि पुढच्या गोष्टीकडे वळत.

आजीला बॉम्बमध्ये रस नव्हता. तिला सही येत नव्हती, पण तिचा प्रश्न आमच्यातल्या कुणालाच सुचला नसता. "सक्काळची आठची येळ मंजी घरोघर चुली पेटल्याल्या आसतील की," असं ती म्हणे. होत्याच. लाकडाची घरं, कागदाच्या सरकत्या भिंती, गवती चटया, आणि आत पेटलेल्या शेगड्या. झळीने काही घरं बाहेरून पेटली. लाटेने पाडलेली घरं आपल्याच शेगड्यांवर कोसळून आतून पेटली. अर्ध्या तासाच्या आत या हजारो आगींची एक आग झाली. मधली हवा वर चढली, चारी बाजूंनी वारा आत घुसला, आणि शहराचा अकरा-बारा चौरस किलोमीटरचा भाग कोळसा झाला. घराखाली अडकलेली कितीतरी माणसं स्फोटातून वाचली होती, ती या आगीत गेली. आबांना ढीग सापडले नव्हते ते यामुळे. ढीग जळून गेले होते. दोघांच्या गोष्टी एका घरात पन्नास वर्षं नांदल्या, पण त्या एकमेकींना कुठे जुळतात हे त्या दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही.

मग पाणी. शहर ओता नदीच्या मुखाशी, सात फाट्यांवर वसलेलं. भाजलेल्या माणसाला तहान असह्य होते. माणसं नद्यांकडे धावली, पाण्यात उतरली, भरतीच्या पाण्याने वाहून गेली. आगीची काजळी घेऊन ढग वर गेले आणि दुपारपर्यंत शहराच्या वायव्येला काळा, तेलकट पाऊस पडला. तो आ वासून प्यायलेली माणसं होती. छावणीत कोळसा वाहायला एक म्हातारा जपानी येई. जपानी लोकांशी मिसळायचं नाही असा फौजेचा कडक हुकूम होता, त्यामुळे बोलणं जे काही ते हातवाऱ्यांनी. तो आधी मूठ उघडून बोटं फाकवायचा, मग दोन्ही हात कानांवर ठेवायचा, मग ओंजळ तोंडाशी न्यायचा आणि मान हलवायचा. ती ओंजळ आबा आम्हाला करून दाखवत. माणदेशात दुष्काळ नवा नाही. तिथे पाण्यासाठी माणूस मेला, हे कुणालाही समजतं. सात नद्यांच्या गावात तसं व्हावं हे मात्र पारावर कुणाच्या पचनी पडत नसे.

त्या सकाळी रस्त्यावर इतकी माणसं का होती, याचं कारण ऐकलं की जीव तुटतो. सात वाजून काही मिनिटांनी एक विमान आलं होतं, भोंगा झाला होता. ते हवामान पाहायला आलेलं विमान होतं. आकाश निरभ्र आहे असं कळवून ते गेलं आणि साडेसातला धोका टळल्याचा भोंगा वाजला. लोक खंदकांतून बाहेर आले, कामाला लागले. आगीचे बॉम्ब पडले तर आग पसरू नये म्हणून शहरात घरं पाडून रुंद पट्टे मोकळे करायचं काम चाललं होतं, आणि त्या कामावर बारा-तेरा वर्षांची हजारो शाळकरी मुलंमुली होती. ऑगस्टचं ऊन, उघड्यावर, सदरे काढून. त्यांतली बहुतेक परत आली नाहीत. हिरोशिमाच्या संग्रहालयात एका विद्यार्थ्याचा जेवणाचा डबा आहे. आतलं अन्न कोळसा झालेलं. मी तिथे गेलो तेव्हा त्या काचेसमोर शाळेच्या सहलीतली मुलं एकमेकांना ढकलत उभी होती. शिक्षिका त्यांना गप्प बसवत नव्हती. मला ते बरं वाटलं.

१९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० माणसं गेली असा अंदाज आहे. सगळी पहिल्या दिवशी नाही. शहरातले बहुतेक डॉक्टर आणि परिचारिका मेलेल्या वा जखमी. अंगावर ओरखडाही नसलेली माणसं दोन-तीन आठवड्यांनी केस गळून, हिरड्यांतून रक्त येऊन, अंगावर जांभळे ठिपके उठून मरू लागली, तेव्हा वाचलेले डॉक्टर आधी हगवणीची साथ समजले. किरणांनी हाडांतल्या मगजाला मारलं होतं, नवं रक्त बनणं थांबलं होतं. भाजलेल्या जागी चामडीच्या जाड गाठी चढल्या. पुढच्या काही वर्षांत रक्ताचा कर्करोग वाढला, विशेषतः मुलांत. त्यामागून इतर कर्करोग आले, दशकं उलटली तरी येत राहिले. यातलं फार थोडं तेव्हा छापून येत होतं. सप्टेंबर १९४५ पासून ताबेदार फौजेने वर्तमानपत्रांवर निर्बंध घातले होते. त्या महिन्याच्या सुरुवातीला विल्फ्रेड बर्चेट हा ऑस्ट्रेलियन पत्रकार एकटाच आगगाडीने हिरोशिमाला पोचला आणि न भाजता मरणाऱ्या माणसांबद्दल त्याने लंडनच्या पत्राला लिहिलं. अमेरिकन अधिकाऱ्यांनी ते सपशेल नाकारलं.

तिथे राहिलेल्या फौजेला मात्र कुणी फारसं काही सांगितलं नव्हतं. आबांनी तिथल्या मातीत हात घातला होता. शेतकऱ्याचा हात, तो जाणारच. पंचाहत्तर वर्षं तिथे काही उगवणार नाही अशी बोलवा होती, आणि आबांनी पाहिले ते राखेतल्या वाफ्यांतले गहू, रताळी, भोपळे. पत्र्याच्या खोपटाशेजारी बाई खुरपत बसलेली. "कण्हेरबी फुललीवती," असं ते सांगत, आणि कण्हेर कुठेही येते, तिचं काही कौतुक नाही, अशी पुस्ती जोडत. हिरोशिमा शहराने पुढे १९७३ साली कण्हेरीलाच आपलं फूल ठरवलं. बॉम्बमधून निघालेली, मातीत उरलेली किरणं पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने ओसरली होती; स्फोट उंचावर झाल्याने आगीचा गोळा जमिनीला टेकला नव्हता आणि माती किरणोत्सारी होऊन वर उडाली नव्हती. म्हणजे जास्तीत जास्त घरं पाडणाऱ्या त्या उंचीनेच मागाहून आलेल्या शिपायांना आणि भोपळ्यांना वाचवलं. याला काय म्हणावं मला अजून सुचलेलं नाही.

नागासाकीला आबा गेले नाहीत. त्यामुळे आमच्या घरात नागासाकीची गोष्टच नाही, आणि बहुतेक जगातही ती दुसऱ्या नंबरवरच राहिली. तिथला बॉम्ब वेगळा होता: मधे प्लुटोनियमचा सहा किलोंचा गोळा, भोवती स्फोटकांचं कवच, आणि ३२ ठिकाणी एकाच क्षणी ठिणगी, म्हणजे गोळा चहूबाजूंनी आत दाबला जातो. या जातीची चाचणी १६ जुलैला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झालेली होती. हिरोशिमाच्या तोफवाल्या जातीची चाचणी घ्यायची गरजच वाटली नव्हती, इतका तिच्यावर भरवसा होता. ९ ऑगस्टला विमान निघालं ते कोकुरा शहरासाठी. कोकुरावर ढग आणि धूर होता; तीन घिरट्या झाल्या, लक्ष्य दिसेना, इंधन कमी पडत चाललं. विमान नागासाकीकडे वळलं. ११ वाजून २ मिनिटांनी, ढगांतल्या फटीतून, उराकामीच्या खोऱ्यावर. जपानातल्या ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती आणि त्यांचं मोठं चर्च त्याच खोऱ्यात. मधल्या डोंगरांनी बाकी शहराला थोडा आडोसा दिला. तरी वर्षअखेरीपर्यंत सुमारे ७४,००० माणसं गेली. आबांना मी कोकुराचं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ढगानं गाव राखलं म्हनायचं." आभाळात ढग दिसला की हात जोडणाऱ्या मुलखातला माणूस होता तो.

मे १९९८ मध्ये पोखरणला स्फोट झाले तेव्हा गावातली पोरं पेढे वाटत आमच्या ओसरीवर आली. आबांना गोडाची आवड. त्यांनी दोन पेढे घेतले. खाऊन झाल्यावर विचारलं, "खड्डा पडला का?" पोरांना वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. एकजण म्हणाला, "जमिनीखाली उडवलाय आबा, पडला आसंल की." आबा म्हणाले, "मंग बरं हाय." पोरं हसत गेली. मला नाही हसू आलं. १९७४ च्या स्फोटाने पोखरणच्या वाळूत खळगा पडलेला आहे; जमिनीखाली फोडलेला बॉम्ब जमिनीवरच जोर काढतो. आबांनी खड्डा पडला का असं विचारलं, म्हणजे खाली माणसं होती का असं विचारलं.

हिरोशिमा शहराने २०१२ पासून एक पद्धत सुरू केली आहे. बॉम्बमधून वाचलेले लोक आता थकले, म्हणून तरुण माणसं त्यांच्यापाशी बसून त्यांची कहाणी शिकतात, तपासून घेतात, आणि मग ती लोकांसमोर सांगतात. मी ऐकलं ती चाळिशीतली बाई होती. ती आपल्या आईची नव्हे, परक्या म्हाताऱ्याची सकाळ सांगत होती. कुठलीही भर न घालता, मधेच थांबून "हे त्यांना नीट आठवत नाही" असंही सांगत. आमच्याकडे आजोबांची गोष्ट सांगताना माणूस दोन शत्रू जास्त मारतो.

आबांची एक गोष्ट पारावरची नव्हती. ती त्यांनी मला फार उशिरा सांगितली, आणि एकदाच. हिंदी ब्रिगेडचं एक मोठं काम होतं जपानच्या समुद्राकडच्या किनाऱ्यावर पहारा. कोरियातून चोरून येणाऱ्या बोटी अडवायच्या. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. लाखो कोरियन माणसं पोटासाठी किंवा सक्तीच्या मजुरीसाठी जपानात आणलेली होती. युद्ध संपल्यावर त्यांतली बहुतेक मायदेशी लोटली. तिथे ना काम ना धान्य, १९४६ च्या उन्हाळ्यात पटकीची साथ. म्हणून काही पुन्हा उलटी, होड्यांतून, रात्री येत होती. आबांच्या टोळीने अशी एक बोट धरली. आत एक बाई होती, तिचा उजवा हात आणि मान जाड, लाल गाठींनी भरलेली. आबांनी तशा गाठी हिरोशिमाच्या ट्रामवर लोंबकळणाऱ्या माणसांच्या अंगावर पाहिल्या होत्या. ती हात पुढे करून काहीतरी सांगत होती. दुभाषी पोलीस ठाण्यावर होता. यांनी माणसं मोजली, पोलिसांच्या हवाली केली. अशी माणसं परत पाठवली जात.

मी विचारलं, ती हिरोशिमाचीच होती का?

"आमी इचारलं न्हाई. मोजायची आर्डर व्हती."

असेलही ती तिथली. हिरोशिमात बॉम्ब पडला तेव्हा हजारो कोरियन माणसं शहरात होती, कारखान्यांत, बंदरावर, लष्करी कामांवर. त्यांच्या स्मरणाचा दगड १९७० मध्ये उभा राहिला तो शांती उद्यानाच्या बाहेर, आणि आत घेतला गेला १९९९ मध्ये. वाचून कोरियात परतलेल्यांना जपानचे उपचार मिळेनात. सोन जिन-दू नावाचे असेच एक गृहस्थ १९७० मध्ये उपचारासाठी चोरून जपानात आले आणि पकडले गेले. त्यांनी तुरुंगातून खटला लढवला, आणि १९७८ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की बॉम्बची झळ लागलेला माणूस देशात कसा शिरला हे न पाहता त्याला उपचाराचा हक्क आहे. तरी जपानची हद्द ओलांडली की भत्ता बंद, हा सरकारी आदेश २००३ पर्यंत चालूच होता. आबा त्याच्या दोन वर्षं आधी गेले. त्या बोटीत सतरा माणसं होती, हा आकडा त्यांच्या तोंडून मी लिहून घेतला आहे.